अंग तापलंय, आता सुटंल

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेखासाठी माणूस पाठवला, आणि त्यानं जाताजाता बजावलं, "बाई, सणाचा अंक आहे, जरा गोड लिहा." मला हसू आलं. सोलापुरात सगळा जन्म लोकांची बाळंतपणं करण्यात गेला, मला गोडाचा काय तोटा? मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, आणि ज्यांना दोन्ही परवडत नाही त्यांच्याकडून गुळाचा खडा. माझे निम्मे दात त्यातच गेले. पण त्यातला एक खडा असा हातावर पडला होता की त्याची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. गोड मागितलंच आहे, तर तेच सांगते.

मी परगावच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले आणि सोलापुरात एका धर्मादाय प्रसूतिगृहात लागले. वडील होटगीला रेल्वेत होते. गाडी थांबली की ते डब्याडब्यापाशी वाकून चाकाजवळच्या लोखंडी पेट्यांना हाताची पाठ लावत जायचे. एखादी पेटी तापलेली सापडली की आस मोडायच्या भीतीनं तो डबा तिथंच सोडायचा, मग आत कोणी का बसलेलं असेना. लोक भांडायला उठत. वडील म्हणायचे, "भांडा, पण खाली उतरून भांडा." माझा स्वभाव त्यांच्यावर गेला आहे असं घरचे म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

माझं निम्मं काम प्रसूतिगृहात आणि निम्मं घरोघर. तीसच्या सालाच्या मागेपुढे सोलापुरात बाई दवाखान्यात बाळंत व्हायला जाते म्हणजे तिचं काही खरं नाही, असंच लोक धरून चालत. त्यामुळे पिशवी घेऊन मीच दारोदार हिंडायची. पोटुशी बाई दिसली की तिच्याशी ओळख काढायची, महिने विचारायचे, पायावर सूज आहे का बघायची, आणि कळा सुरू झाल्या की मला बोलवा म्हणून दहादा सांगून ठेवायचं. लोकांना वाटतं, नर्स मूल ओढून काढते. ओढायचं काही नसतं हो. बसून राहायचं, बघत राहायचं, आणि हात शक्यतो बाहेर ठेवायचे. या शेवटच्या गोष्टीसाठी मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नाही.

कळा देताना बाईला घाम येतो, चेहरा लाल होतो, ते कष्टाचं असतं. ताप वेगळा. मूल पोटात पाण्याच्या पिशवीत असतं, आणि ती पिशवी आहे तोवर त्याला बाहेरची घाण लागत नाही. ती फुटली की दार उघडलं. मग मूल लवकर बाहेर यावं लागतं. तास वाढत गेले, त्यात कुणी न धुतलेले हात आत घातले, की घाण वर चढते, पाणी नासतं आणि बाईला ताप भरतो. पोटातलं मूल त्याच नासक्या पाण्यात असतं. त्याचं काळीज धावायला लागतं, आणि ते जन्माला येतं ते दमलेलं, कधी तेही तापलेलं. आज यावर इंजेक्शनं आहेत. तेव्हा आमच्याजवळ क्विनीन, गार पाण्याच्या पट्ट्या आणि देवाचं नाव एवढंच होतं.

बरं, ताप आहे हे पटवायचं कसं, हाही एक खेळ होता. नवी पेठेतल्या एका कापडवाल्याच्या घरी मी थर्मामीटर काढला तर घरातल्या थोरल्या बाईंनी विचारलं, "ही नळी आधी कुणाच्या तोंडात होती?" मी खरं सांगितलं, की पुष्कळांच्या. झालं. उष्टी नळी आमच्या सुनेच्या तोंडात जाणार नाही म्हणाल्या. मी औषधात धुऊन दाखवली, तर म्हणाल्या, धुतल्यानं उष्टं जात असतं तर आपण पत्रावळीही धुऊन वापरल्या असत्या. शेवटी काखेत लावायची परवानगी मिळाली, तीही डाव्या. ती सून सुखरूप सुटली म्हणून हे हसून सांगता येतं.

राजव्वाचं हसून सांगता येत नाही.

राजव्वा पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराच्या घरातली थोरली सून. नवरा नरसय्या हातमागावर लुगडी विणायचा. सासू नागम्मा घरची मालकीण, आणि धाकटी जाऊ लक्ष्मी नुकती नांदायला आलेली. राजव्वाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्या खेपेला महिने पुढे सरकले तसं ती घरात कुणाला न सांगता एकटी प्रसूतिगृहाच्या पायरीवर येऊन बसली. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "बाई, मला ह्ये पोर पायजे. तुमी काय बी सांगा, मी करते." इतकं सरळ मागणं माझ्याकडे क्वचितच कुणी मागितलं असेल. मी तिला काय काय सांगितलं आणि तिनं खरोखर सगळं केलं. ओझं उचललं नाही, दूध प्यायली, दर पंधरवड्याला येऊन पोट दाखवून गेली. एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती. कळा सुरू झाल्यावर कुणाला बोलवायचं ते सासू ठरवणार होती.

एप्रिलातली दुपार होती. सोलापूरचं ऊन मी सोलापूरकरांना सांगायला नको. मी फेरीवर निघाले होते, तिच्या बोळात शिरले तर नरसय्याच्या मागाचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. बायको अडली की हे विणकर माग हाणत बसतात, दुसरं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. मी ओळखलं, की वेळ आली आहे. दाराशी गेले तर नागम्मा हसतमुखानं बाहेर आली आणि माझ्या तळहातावर तिनं गुळाचा खडा ठेवला.

"बाई, तोंड गोड करा."

मला इतका आनंद झाला, की मी खडा तोंडाजवळ नेला. "काय झालं गं? मुलगा की मुलगी?"

"अजून न्हाई," नागम्मा म्हणाली. "पन अंग तापलंय. लई तापलंय. आता सुटंल."

मी तशीच उभी राहिले. मला वाटलं, माझ्या कानांना काही तरी झालं. या बाईच्या सुनेला ताप भरला होता आणि ही गूळ वाटत होती. शेजारच्या दोघीतिघी ओट्यावर बसून तोच गूळ चघळत होत्या, खुशीत होत्या. गूळ तसाच मुठीत धरून मी आत शिरले.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. एप्रिलच्या उन्हात तिथं शेगडी पेटवलेली, दार लोटलेलं, आणि राजव्वाच्या अंगावर घोंगडं. खाली चिंध्या अंथरलेल्या. पांजणीच्या वेळी, म्हणजे ताण्याच्या सुताला पिठाची खळ लावतात तेव्हा, सांडलवंड पुसायच्या त्या चिंध्या होत्या. आंबलेल्या खळीचा वास येत होता. ज्या घरात भिंतीला लागून कोऱ्या लुगड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या, त्या घरची सून याच्यावर पडली होती. बाळंतपणाचं कापड शेवटी टाकूनच द्यायचं, मग चांगलं कशाला, असा हिशेब. हा हिशेब सगळ्या सोलापुरात होता, गरिबाकडे होता तसा पैसेवाल्याकडेही होता.

सुईण शेवंता उशाशी बसली होती. माझी जुनी ओळख. बाई मनानं वाईट नव्हती, हात हलका होता, आणि अडलेल्या बाईपाशी दोन-दोन दिवस उपाशी बसायची. हातही स्वच्छ धुवायची, पण नंतर. तिच्या लेखी घाण बाळंतपणात होती, हातावर नव्हती. पुढ्यात एरंडेलाची वाटी होती आणि तिची बोटं तेलानं चकाकत होती. किती वेळा आत हात घातला हे मी विचारलं नाही.

"पाणी कधी गेलं?"

"काल, दिवं लागायच्या आदी," शेवंता म्हणाली. "पर कळा मंद व्हत्या. आता बगा की, कसं अंग फुललंय. गोठल्यालं तूप तापवल्याबिगर सुटतं व्हय? तसंच हाय ह्ये."

तेव्हा कुठं मला तो गूळ कळला. यांच्या मते ताप म्हणजे बाळंतपणाची ऊब होती. अंग तापलं की मूल सैल होतं आणि खाली सरकतं. ताप येत नव्हता म्हणून रात्रभर यांनी काळजी केली होती, शेगडी पेटवली होती, आल्याचा काढा पाजला होता, आणि ताप आला तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. इतकी वर्षं ही कामं केली, कोण काय समजतं ते मला ठाऊक आहे असा माझा तोरा होता. पण ज्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त भ्यायची, तिची कुणी वाट बघत बसत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी घोंगडं काढून फेकलं. राजव्वाच्या ओठांवर पापुद्रे आले होते, डोळे अर्धवट मिटलेले. पोटावर लाकडी नळी टेकवून ऐकलं तर मुलाचं काळीज इतकं भराभर पळत होतं, की ठोके एकमेकांत मिसळत होते. पदर भिजवून मी तिचा चेहरा आणि मान पुसायला लागले, तेवढ्यात नागम्मानं माझा हात धरला.

"निववू नका, बाई. निवलं की कळा बसत्यात."

"कळा नाही, जीव जाईल तिचा. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

"बाळंतीण उंबऱ्याभायेर? मधीच?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच खुळी आहे. "सुटायला आली आन् आता नेता व्हय?"

आमचा आवाज चढला. ओट्यावरच्या बाया दारात जमल्या. शेवंता दोघींच्या मध्ये बसून 'बाई, बाई' करत राहिली. या सगळ्या गोंधळात राजव्वानं डोळे उघडले. माझ्याकडे नव्हे, दाराकडे बघत ती नवऱ्याला तेलुगूत काही तरी म्हणाली. आवाज फार बारीक होता, पण तिकडे माग थांबला. नरसय्या मागाच्या खड्ड्यातून वर आला, आईकडे न बघता चपला घातल्या, आणि टांगा आणायला गेला. ती काय म्हणाली ते नंतर त्यानंच मला सांगितलं. ती म्हणाली होती, "मी बाईला शब्द दिलाय."

प्रसूतिगृहात आमच्या डॉक्टरीणबाई होत्या. कामाच्या वेळी कमी बोलायच्या. त्यांनी राजव्वाला तपासलं, माझ्याकडे बघितलं आणि मूल काढायचा चिमटा उकळायला सांगितला. तेवढ्यात मी तिच्या अंगाला गार पाणी लावत राहिले, टांग्यातही लावतच आले होते. मूल सोडवलं तेव्हा बरोबर आलेल्या पाण्याच्या वासानं मी श्वास रोखला. आणि मग ते पोर माझ्या हातात आलं.

मी दचकले. नुकतं जन्मलेलं मूल ओलं असतं, हवा लागली की गार पडतं, त्याला आपण ऊब देतो. हे पोर तापलेलं होतं. हाताला चटका बसावा तसं. मुलगा होता, चांगला भरलेला, डोक्यावर जावळ दाट, आणि अंगात काही जोर नाही, हातपाय लोंबलेले. आईच्या अंगात ताप असतो हे मी शिकले होते, पण मूल पोटातूनच ताप घेऊन येतं हे हाताला पहिल्यांदा कळलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. त्याही हादरल्या होत्या.

आम्ही तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, खूप वेळानं त्यानं एकदा बारीक आवाज केला. मी कोमट पाण्यात फडकं भिजवून त्याचं अंग पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याला झटके यायला लागले, आणि संध्याकाळच्या आत तो गेला. नरसय्याच्या हातात दिला तेव्हा तो थंड झालेला होता. घरच्यांनी त्याला पाहिलं ते तसंच.

राजव्वाला यातलं काहीच कळलं नाही. तिचा ताप मेंदूत चढला होता. चरख्यावर सुताच्या कांड्या भरल्यासारखी ती हवेत हात फिरवायची. बाळंतज्वरात गेलेल्या पुष्कळ बाया मी पाहिल्या होत्या, हीही त्याच वाटेनं चालली आहे हे मला दिसत होतं, आणि कशी कोण जाणे, ती अर्ध्या वाटेवरून परतली. शुद्धीवर आल्यावर तिनं मूल मागितलं. मुलगा होता आणि गेला, एवढंच तिला सांगितलं. त्या काळी रीत तीच होती. बाळंतिणीला जास्त सांगायचं नाही, तिनं विचारलं तर विषय बदलायचा. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला आता पुन्हा दिवस राहणं कठीण आहे. ती घरी गेली तेव्हा टांग्यातून माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मी म्हटलं, दुःख आहे, होईल कमी.

त्यानंतर त्या बोळातून मला बोलावणं येईना. आधी वाटलं, योगायोग असेल. मग शेवंतानंच एकदा रस्त्यात गाठून सांगितलं, "बाई, लोक म्हनत्यात तुमी राजव्वाला पानी लावून पोटातलं बाळ निववलं, म्हून पोर ग्येलं. मी न्हाई म्हनत, लोक म्हनत्यात." ती नजर चुकवत होती, त्यावरून लोकांत तीही होती हे कळलं. मला राग आला, पण अशा बोलण्याला नर्सची कातडी निबर झालेली असते. सासू बोलत असेल, बोलू दे म्हटलं.

पुढे लक्ष्मीला, धाकट्या जावेला दिवस राहिले. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. दुपारची वेळ, दार उघडंच होतं. राजव्वा चरख्यावर कांड्या भरत बसली होती, पुढ्यात लक्ष्मी, आणि कोपऱ्यात नागम्मा तांदूळ निवडत होती. राजव्वा जावेला समजावून सांगत होती. इतकी वर्षं त्या तेलुगू वस्तीत काढल्यावर मला तेलुगू बोलता येत नसलं तरी कळायला लागलं होतं. ती सांगत होती, "अंग तापलं की दार लावून घे. कुणी पाणी लावायला आलं तर लावू देऊ नको. माझं असंच तापलं होतं, सुटायला आलेलं पोर बाईनं निववून टाकलं."

सासूनं म्हटलं असतं तर मी फणकारून परत गेले असते. पण हे राजव्वा म्हणत होती. प्रसूतिगृहाच्या पायरीवर येऊन मूल मागणारी, मला दिलेल्या शब्दाखातर उंबरा ओलांडणारी. मी उंबऱ्यावरच थांबले. आणि ती जे शिकवत होती त्यानं लक्ष्मी मरणार होती, हेही मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं.

तिनं मला पाहिलं. चरखा थांबवला नाही.

"राजव्वा," मी म्हटलं, "तुझं पोर निवलेलं नव्हतं."

तिनं चरख्याचा वेग वाढवला.

"तुला कुणी सांगितलं नाही म्हणून सांगते. तो तापलेलाच जन्माला आला. तुझ्याहून जास्त तापलेला. माझ्या हातात आला तेव्हा मी घाबरले. तुझा ताप त्याला पोटात लागला होता."

चरखा थांबला. "पोटातच?"

"पोटातच."

"म्हंजी मी हितं व्हते तवाच? शेगडीपाशी?"

मला उत्तर गिळून टाकावंसं वाटलं. पण लक्ष्मी ऐकत होती. "हो," मी म्हटलं. "तेव्हाच."

राजव्वा कांडीवरच्या सुताकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, नाही तर मला घरातून हाकलेल. मग तिनं विचारलं,

"त्येला पानी लावलं का कुनी? निववलं का?"

"लावलं. मी लावलं. होता तोवर लावत होते."

"रडला?"

"एकदा. पाणी लावलं की जरा निवांत पडायचा."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज नव्हता. ती म्हणाली, "बरं क्येलं, बाई." मग पदरानं तोंड पुसून ती लक्ष्मीकडे वळली आणि तेलुगूत म्हणाली, "कळ आली, पाणी गेलं, की पहिल्यांदा बाईला बोलवायचं. सासूबाईंना नंतर सांगू."

मी नागम्माकडे बघितलं. आता भांडण होणार असं धरून मी तयारीत होते. नागम्माचे हात सुपातच राहिले होते.

"तापाचं मला बी कुनी सांगितलं न्हाई, बाई," ती म्हणाली.